गोळीचं माप

डेटन, ओहायो
६ फेब्रुवारी २०११

व्हर्लन काका,

फोन करून उपयोग नाही असं नेव्हलीन काकू म्हणाली. उजवा कानही गेला म्हणे तुमचा. बरंच झालं, कारण मला जे विचारायचंय ते ओरडून विचारता आलं नसतं. डॅडी शेजारच्या खोलीत ऑक्सिजनची नळी लावून बसलेत, आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत.

मला पिस्तूल घ्यायचंय. कपड्याखाली, कमरेला, रोज बाळगायला.

आधी ऐका, मग काय हसायचं ते हसा. मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटांचं बघते, तुम्हाला ठाऊक आहे. पिशवीत दुखण्यावरची कडक औषधं असतात, आणि हल्ली त्या औषधांसाठी लोक काय वाट्टेल ते करतात. एका आजीचा नातू आहे, पंचविशीचा असेल. जानेवारीत त्याने दोनदा माझ्या मागे गाडी लावली. दुसऱ्यांदा सिग्नलला उतरून काचेवर टकटक केली आणि म्हणाला, "पिशवी दाखव की जरा." भर दुपारी, शाळेसमोर! मी सिग्नल तोडून पळाले. पोलिसांनी सगळं लिहून घेतलं आणि "काळजी घ्या" म्हणाले. आमच्या ऑफिसने त्या घरी दुसरी नर्स पाठवायचं ठरवलं, तर ती रजेवर गेली. म्हणजे पुन्हा मीच.

लायसन्ससाठीचा क्लास लावलाय. पण गोळीच्या कुठल्या मापाचं घ्यावं यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. दुकानदार म्हणतो पंचेचाळीसच घ्या, एकाच गोळीत माणूस आडवा. माझी मैत्रीण पर्समध्ये तीनशे ऐंशी ठेवते, आकडा मोठा पण माप छोटं, लिपस्टिकएवढंच दिसतं. क्लासच्या बाई नाइन एमएमच्या पलीकडे बोलायला तयार नाहीत. मी म्हटलं, अर्ध्या जिल्ह्याला नेम धरायला शिकवणारा माणूस माझ्या घरात आहे, तर मी परक्यांना का विचारू?

डॅडींना मात्र कळता कामा नये. चार जुलैला लोक फटाके उडवतात तेव्हासुद्धा आम्ही खिडक्या लावून टीव्ही मोठा करून बसतो. वीस वर्षं हे असंच चाललंय.

तुमची,
ट्वायला


बेअरवॉलो फोर्क, केंटकी
१३ फेब्रुवारी

ट्वायला पोरी,

हसलो नाही. त्या नातवाचं नाव कळव, एवढंच आधी मनात आलं. मग नेव्हलीन म्हणाली, सत्तरीच्या माणसाने डेटनला जाऊन कुणाला धरून मारायचं नसतं. राहिलं.

आता ऐक. दुकानदाराला पंचेचाळीस खपवायचं आहे. तुमचे ते नर्सचे पायजमे नाडीचे असतात ना? पंचेचाळीस लावून पेशंटच्या घरात शिरलीस तर पायजमा गुडघ्यावर येईल आणि ती आजीच जागच्या जागी जाईल. मैत्रिणीचं ते लिपस्टिक हातात धरायला इतकं लहान असतं की हिसका उलट जास्त बसतो, आणि मग बाया सराव सोडून देतात. नाइन एमएम घे. गोळ्या स्वस्त मिळतात म्हणून सराव होतो, हिसका झेपतो, पोटाच्या पट्ट्यात मावतं. रोज अंगावर राहील ते माप खरं. घरी कपाटात राहिलं तर तोफ असली तरी काय जाळायची आहे?

त्या दांडग्या मॅग्नमचं नाव काढू नकोस. कुणी सांगितलं, कुणी फुकट दिलं, तरी नाही. कारण तुला ठाऊक आहे, मी लिहीत नाही.

आणि एक. गोळी कुठे जाणार हे उडवायच्या आधी बघायचं. समोरच्या माणसाच्या मागे काय आहे, भिंत असली तर कशाची आहे, भिंतीच्या पलीकडे कोण काय करत उभं असेल. ही घरं सगळी पुठ्ठ्याची असतात. पुठ्ठ्याची आणि पत्र्याची. मी क्लासमध्ये हे तीन-तीनदा सांगायचो. आता मी क्लास घेत नाही. तिथे उभं राहिलं की मला बाकीचं काही ऐकू येईना, फक्त पाणी वाहतंय असं वाटायचं. डॉक्टर म्हणाला, कानाचं आहे.

तुझ्या बापाला, डेन्झिलला, माझा नमस्कार सांगू नकोस, नाहीतर पत्र कशाला आलं म्हणून विचारेल.

व्हर्लन काका


डेटन
२७ फेब्रुवारी

काका,

पायजम्याचं वाचून मी ऑफिसात एकटीच खिदळत होते.

काल पहिल्यांदा गोळ्या झाडल्या. नाइन एमएम. पन्नासातल्या एकतीस कागदावर लागल्या. क्लास घेणाऱ्या क्रायडर बाई पूर्वी पोलिसात होत्या, तोंडाने फटकळ पण मनाच्या चांगल्या. त्यांनी विचारलं, एवढी का कापतेस? तेव्हा मी आईचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सगळं सांगितलं असेन.

मला जेवढं आठवतं तेवढंच. मी आठ वर्षांची. शनिवार, ऑगस्टमधली दुपार. शेजारच्या स्टँपरांचा तो पिसाळलेला कुत्रा अंगणात शिरला, मी डॅडींच्या ट्रकच्या मागच्या फळीवर चढले आणि तो उड्या मारत होता. डॅडी खाली ओढ्याकडून धावत वर आले. कमरेचं मॅग्नम काढलं आणि एकच गोळी झाडली. कुत्रा पडला. गोळी त्याच्यातून आरपार गेली, मागे आम्ही राहायचो त्या ट्रेलरच्या पत्र्यातून गेली, आणि आत आई सिंकपाशी शेंगा धुत उभी होती.

डॅडी त्यावर एकच वाक्य बोलतात. "मी मोठं घेतलं." तुम्ही लहान, अडतीसचं घे म्हणाला होता आणि त्यांनी हट्टाने मॅग्नम घेतलं, हे मला माहीत आहे. मी मात्र मनात वेगळंच धरून बसलेय. कुत्र्याने मला बघितलं कारण मी त्याला दगड मारला होता. हे मी डॅडींनाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

क्रायडर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मापाचं जाऊ दे. आत गोळ्या कसल्या होत्या?" टोकाला खळगा असलेली गोळी अंगात शिरली की फुलते आणि बहुतेक आतच थांबते, मॅग्नमची असली तरी. एवढा मोठा कुत्रा आणि वर पत्रा, दोन्ही भेदून जायला घट्ट शिशाची गोळी लागते, असं त्यांचं म्हणणं.

मला त्यातलं काही कळत नाही. डॅडी तर नेहमी दुकानातल्या खळग्याच्याच गोळ्या आणायचे ना? त्या सकाळी तुम्हीच त्यांना ते साफ करून आणून दिलं होतं असं काकू एकदा म्हणाली होती, म्हणून तुम्हाला विचारते. आत काय होतं, आठवतंय का?

ट्वायला


डेटन
२७ मार्च

काका,

महिना झाला. पत्र मिळालं नाही का? काकूला फोन केला तर म्हणाली, तुम्ही शेडमध्ये जाऊन बसता आणि जेवायला हाक मारावी लागते, आणि गोळ्या बनवायचं तुमचं सगळं सामान ट्रकभर भंगारात घातलंत. काय झालंय? मी दगडाचं लिहिलं म्हणून रागावलात का?

डॅडींचं ठीक नाही. तिकडे असताना खाणीत काम केलं, त्याची धूळ आता दोन्ही फुप्फुसांत वर आलीय. डॉक्टर म्हणाले, पानं गळेपर्यंत. मला वाटलं तुम्हाला कळायला हवं.

ट्वायला


बेअरवॉलो फोर्क
१७ एप्रिल

ट्वायला,

दगडाचा काही संबंध नाही. तो कुत्रा आठवडाभर सगळ्यांच्या अंगावर जात होता. हे आधी वाच आणि पुन्हा एकदा वाच, मग पुढे जा.

आत माझ्या गोळ्या होत्या.

मी त्या काळी शेडमध्ये स्वतः शिसं ओतून गोळ्या बनवायचो, तुला आठवत असेल, तू वितळलेल्या शिशाकडे बघत बसायचीस. घट्ट शिसं, बंदुकीची भरपूर दारू, डब्यांवर नेम धरायला. त्या आठवड्यात नवीन बनवल्या होत्या आणि माझ्याकडे मॅग्नम नव्हतं. म्हणून डेन्झिलचं मागून आणलं. त्याच्या दुकानातल्या सहा, खळग्याच्या, काढून तपकिरीच्या डबीत ठेवल्या. शनिवारी सकाळी गावात जाता जाता त्याचं त्याला परत देऊ म्हटलं. डबी शेडमध्ये राहिली होती. परत टेकडी चढून कोण जाणार? खिशात माझ्याच सहा उरल्या होत्या, त्या भरल्या. रिकामं कसं द्यायचं माणसाला? रविवारी चर्चनंतर त्याच्या त्याला देईन, माझ्या परत घेईन. एका दिवसाचा तर प्रश्न.

पायरीवर दिलं. त्याने कमरेला लावलं. तुझी आई आतून म्हणाली, कॉर्नब्रेड आहे, बसा. मी म्हटलं, येताना.

येताना आलो तेव्हा अंगणात माणसं होती. मी आत गेलो. कुणीही नळ बंद केला नव्हता. सिंक भरून पाणी जमिनीवर आलं होतं आणि शेंगा सगळीकडे तरंगत होत्या. मी नळ बंद केला. ट्वायला, तो नळ अजून बंद झालेला नाही. मला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, चर्चमधलं गाणं ऐकू येत नाही, पण ते पाणी ऐकू येतं.

पोलिसांच्या डेप्युटीने मॅग्नम माझ्याच हातात दिलं, भावाचं आहे, तुम्ही ठेवा म्हणून. आत पाच उरल्या होत्या. त्या मी ओढ्यात टाकल्या. मला कुणी काही विचारलं नाही. डेप्युटी म्हणाला, घरात बाळगायला मॅग्नम फार मोठं. मी मान हलवली. बस, तेवढंच केलं मी, मान हलवली. मग लोक तेच म्हणू लागले आणि कबरीपाशी डेन्झिलही म्हणाला. त्याचा दंड माझ्या हातात होता तेव्हा.

अजून एक आहे आणि ते लिहिताना मला माझी किळस येते. मी सतरा वर्षं क्लास घेतले. दर क्लासला कुणीतरी विचारायचंच, कुठलं माप घ्यावं. आणि मी ही गोष्ट सांगायचो. माझ्या भावाने ऐकलं नाही, मोठं घेतलं, आणि बघा काय झालं. बायका रडायच्या. सांगून सांगून मलाच खरी वाटायला लागली होती. मग पाणी ऐकू यायला लागलं.

डेन्झिलला सांगायचं की नाही हे मी तुझ्यावर सोडतो. तू त्याच्याजवळ असतेस, तुला त्याची प्रकृती कळते. तू म्हणशील तसं.

व्हर्लन


डेटन
१ मे

व्हर्लन काका,

तुमचं पत्र घेऊन मी गाडीत बसले आणि दोन पेशंटांकडे गेलेच नाही.

माझ्यावर सोडता? वा! वीस वर्षं डॅडींच्या गळ्यात घातलंत, आता माझ्या घालता. ते खाण सोडून दुसऱ्या राज्यात आले, पुन्हा लग्न केलं नाही, माझ्या वाढदिवसाला फुगा फुटला तर संडासात जाऊन बसायचे. आणि तुम्ही दर नाताळला हॅम पाठवत होता! ते हॅम आम्ही खाल्लं, काका. डॅडी म्हणायचे, व्हर्लनने एकदासुद्धा मला बोल लावला नाही, दुसरा कुणी असता तर "मी सांगितलं होतं" म्हणाला असता.

मी काही सांगणार नाही. आणि लपवणारही नाही. तुम्ही लिहा. त्यांच्या नावाने, तुमच्या हाताने. पानं गळायच्या आत लिहा. नाही लिहिलंत तर ते 'मी मोठं घेतलं' म्हणत मरतील, आणि मग मी तुम्हाला दारात उभं करणार नाही.

ट्वायला


बेअरवॉलो फोर्क
८ मे

डेन्झिल,

मला लांबण लावता येत नाही. त्या शनिवारी सकाळी मी तुला मॅग्नम दिलं तेव्हा त्यात तुझ्या गोळ्या नव्हत्या. माझ्या होत्या, शेडमधल्या, घट्ट शिशाच्या. तुझ्या सहा अजून माझ्याकडे डबीत आहेत. तुझ्या असत्या तर त्या कुत्र्यातच राहिल्या असत्या, निदान मला तसं वाटतं. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोलेन म्हटलं, मग पुरल्यावर बोलेन म्हटलं, मग तू डेटनला गेलास.

तू घेतलेलं माप चुकलं नव्हतं.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

व्हर्लन


डेटन
२३ मे

व्हर्लन काका,

हे पत्र डॅडींनी लिहायला लावलंय. मी तुमच्याशी अजून बोलत नाही.

तुमचं पत्र त्यांनी स्वयंपाकघरात टेबलापाशी उभ्याने वाचलं. मग मला म्हणाले, "ट्वायला, बीन्स गरम कर." जेवले. दोन वाट्या खाल्ल्या, महिनाभरात पहिल्यांदा. भांडी स्वतः धुतली आणि मग सिंकच्या कडेला धरून इतके रडले की मला ऑक्सिजन वाढवावा लागला. मी आठ वर्षांची असतानाही त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी म्हणाले, "कुठलं घ्यायचं ठरवलंस?" मी मठ्ठासारखं, "काय कुठलं?" तर म्हणाले, "बहिरा तो झालाय, मी नाही. तुझ्या फोनवरच्या गप्पा मला भिंतीतून ऐकू येतात." आणि मला दुकानात घेऊन गेले. ऑक्सिजनची बाटली ओढत! त्या दुकानदाराने लगेच पंचेचाळीस पुढे केलं. डॅडी म्हणाले, "भल्या माणसा, हिला म्हाताऱ्यांना इंजेक्शन द्यायचंय, रेडा मारायचा नाही." मग माझा हात हातात घेऊन बोटं मोजल्यासारखी बघितली आणि तीन पिस्तुलं धरायला लावून चौथं निवडलं. नाइन एमएम. तुम्ही सांगितलं होतं तेच. ते मी त्यांना सांगितलं नाही.

मी पैसे देत होते तेव्हा ते काउंटरवर हात ठेवून मॅग्नमच्या कपाटाकडे बघत होते. म्हणाले, "चांगलं हत्यार होतं ते. मी वीस वर्षं त्याला शिव्या घातल्या."

मी दगडाचंही सांगितलं त्यांना. ते म्हणाले, "मी लहानपणी रोज मारायचो."

ट्वायला


डेटन
१ जून

व्हर्लन,

रविवारी कबरींना फुलं वाहायच्या दिवशी आम्ही आलो होतो. खाली चर्चच्या मागे गाडीत थांबलो. तुम्ही दोघं टेकडीवरून उतरून गेलात, मग पोरगी मला वर घेऊन गेली. पाऊण तास लागला. कबर छान राखली आहेस. दगडही धुतलेला दिसला. एकोणीस वर्षं मी आलो नाही आणि एकदाही गवत वाढू दिलं नाहीस, हे मी पाहिलं.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. बायको मातीत आहे आणि मला हलकं वाटतंय, याची लाज वाटली. पण वाटलं ते वाटलं. माझं माप चुकलं नव्हतं हे ऐकायला मी काहीही दिलं असतं. मग तीन आठवडे तुला शिव्या दिल्या. त्याही संपल्या.

मेल्यावर मला तिच्याशेजारी आणणार आहेत. पुढून उजव्या बाजूला तू खांदा दे, तो तुझाच मान आहे, पोरीला मी सांगून ठेवलंय. त्याआधी येऊ नकोस. रागावून म्हणत नाही. तू दारात उभा राहिलास की मला ती पायरी दिसेल, आणि ते मला आता झेपायचं नाही.

कारण तुझ्या पत्राने माझं एक ओझं गेलं आणि दुसरं आलं, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मरायचं नाही असं ठरवलंय. मी कुणाच्याही हातून बंदूक घेतली की आधी उघडून आत बघायचो. दुकानदाराची, डेप्युटीची. बापाची घेतली तरी बघायचो, म्हातारा चिडायचा, म्हणायचा, मी काय तुला मारणार आहे का. त्या शनिवारी उघडलं असतं तर तुझं शिसं मला लांबून ओळखू आलं असतं. काढून टाकलं असतं, तुला दोन शिव्या हासडल्या असत्या, आणि झालं.

त्या सकाळी मी उघडलं नाही. व्हर्लन, दुसऱ्या कुणी दिलं असतं तर उघडलं असतं. तू दिलंस म्हणून नाही उघडलं.

डेन्झिल